दहावीनंतर परदेशी घरात: तीन आठवडे की अख्खं वर्ष?

मार्चात दहावीचा शेवटचा पेपर झाला की अकरावी सुरू होईपर्यंत पोरं मोकळी. आमच्या रत्नागिरीकडे या मोकळ्या दिवसांसाठी कुणी ना कुणी ‘यूथ एक्स्चेंज’चं विचारत येतं. रोटरी या समाजसेवी क्लबांच्या संघटनेच्या कार्यक्रमात दोन वाटा आहेत: काही आठवड्यांची अदलाबदल (आपलं मूल तिकडच्या घरात, तिकडचं आपल्याकडे), किंवा तिकडच्या शाळेत पूर्ण शैक्षणिक वर्ष. आमची मुलगी पहिल्या वाटेने जर्मनीला जाऊन आली, चिपळूणच्या मावसभावाचा मुलगा दुसऱ्या वाटेने ब्राझीलला. माझं मत आधीच सांगते. मूल कधी घराबाहेर राहिलं नसेल तर छोटी अदलाबदल बरी. वर्षभरासाठी त्यालाच पाठवा, जो स्वतः हट्ट धरून बसलाय. आईबापांच्या हौसेवर वर्ष निघत नाही.

खर्चाबद्दल गैरसमज फार. वर्ष म्हणजे महिन्याच्या बारा पट पैसे, असं नाही. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हे दोन्हीकडे आपलंच. वर्षभराच्या कार्यक्रमात राहणं-जेवण यजमान कुटुंबं बघतात आणि तिथला क्लब दरमहा थोडा हातखर्चही देतो. पालक रोटरीचे सभासद असावेच लागतात, असंही नाही. एएफएससारख्या, मुलांना परदेशी घरांत पाठवणाऱ्या दुसऱ्या संस्थेत यजमान घरं पैसे घेत नाहीत, पण संस्थेची फी असते. शिष्यवृत्त्याही असतात, त्यांची चौकशी आधी करा.

वर्षाची खरी किंमत अकरावीत मोजावी लागते. तिकडचं वर्ष इथे अकरावी म्हणून धरलं जाईल, हे गृहीत धरू नका. कॉलेजात लेखी विचारा. भाच्याने परत येऊन नव्याने अकरावी केली, बरोबरीची मुलं बारावीत. त्याला त्याचं काही वाटलं नाही, आजीला मात्र अजून वाटतं. नीट-जेईईचा क्लास आधीच लावून ठेवला असेल तर हा विषय घरात न काढलेलाच बरा.

छोट्या अदलाबदलीत घोळ सुट्ट्यांचा. आपली सुट्टी मे महिन्याची, जर्मनीतली मोठी सुट्टी राज्याराज्यानुसार जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत कधीतरी. म्हणजे आपलं मूल मेमध्ये गेलं तर तिथल्या शाळेत जाऊन बसतं (वाईट नाही), आणि तिकडचं मूल आपल्याकडे येतं ते ऐन पावसात. आंब्याच्या बागा असलेल्यांनी मे महिन्यात घरातले दोन हात कमी होणार, हेही धरावं.

आणि हे येणं हाच या वाटेचा अर्धा भाग आहे. तो लोक विसरतात. आमच्याकडे त्या जर्मन घरातली मुलगी ऑगस्टात आली. कपडे वाळेनात, म्हणून रोज सकाळी मोज्यांना इस्त्री करत बसायची. वीज गेली की आधी घाबरायची, मग खवणीवर बसून नारळ खवायला शिकली. बांगड्याचे काटे काढायला आमच्या लेकीनेच शिकवलं. मला मात्र लेकीचं वागणं बदललेलं दिसलं: ती पाहुणीला आग्रह करायची, पण एकदाच आणि नीट विचारून. कारण जर्मनीत पहिल्या रात्री ती अर्धपोटी झोपली होती. संध्याकाळच्या जेवणाला पाव, चीज, काकडी. हिने आपल्या सवयीने ‘नको’ म्हटलं, कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. तिथे ‘नको’ म्हणजे नको. दुसऱ्या दिवसापासून हिने हात पुढे करून घ्यायला सुरुवात केली.

वर्षभर गेलेल्या मुलाला हे एकाच घरात शिकून भागत नाही. भाचा तीन घरांत राहिला. घरं बदलणं हा योजनेचाच भाग. पहिले काही महिने पोर्तुगीज डोक्यावरून जायची, फोनवर आवाज बारीक. तारलं जेवणाने: भात आणि काळ्या घेवड्याची उसळ. नाताळच्या सुमारास फोन कमी झाले, तेव्हा कळलं की रुळला. भाषा अशी वर्षातच येते, तीन आठवड्यांत नमस्कार-चमत्कारापलीकडे काही नाही. पण याच पहिल्या महिन्यांत ‘ये परत’ म्हणणारे आईबाप असतील तर मूल धड इकडचं ना तिकडचं होतं.

नियम कडक: दारू, ड्रग्ज, डेटिंग आणि गाडी चालवणं, चारही बंद. आमच्याकडच्या पोरांना शेवटचंच जड जातं; पंधराव्या वर्षी स्कूटर हातात असते, असू नये तरी.

कागदपत्रांत दोन गोष्टी. मूल पंधरा पूर्ण असेल तर दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो; त्याआधी काढला तर पाच वर्षं किंवा अठरावा वाढदिवस, जे आधी येईल तेवढाच. जर्मनीसाठी तीन आठवड्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा, थोड्या मुदतीचा) पुरतो, वर्षाला वेगळा दीर्घ मुदतीचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुलाला स्वतः जावं लागतं. आम्ही रात्रीची कोकणकन्या धरून मुंबई गाठली.

वर्षाचा अर्ज साधारण वर्षभर आधी, म्हणजे दहावीच्या सहामाहीच्या आसपासच भरावा लागतो. तेव्हा नववीतच क्लबात जा, आणि देश कुठला मिळेल हे विचारण्याआधी जाऊन आलेल्या एखाद्या मुलाच्या घरचा फोन नंबर मागा.