स्टडी अब्रॉड कोऑर्डिनेटरचा सर्टिफिकेट कोर्स: वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात रिन्यूअलचा मेल आला, म्हणून लिहायला बसले. मुलांना परदेशी अभ्यासदौऱ्यावर नेणाऱ्या कॉलेज कोऑर्डिनेटरांसाठीचा हा ऑनलाइन कोर्स मी स्वतःच्या पैशाने घेतला. कॉलेजने खर्च मंजूर केला नाही. फी डॉलरमध्ये, वरून कार्डाचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनात पैसे भरण्याचं शुल्क, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. मॉड्यूल किती, सर्टिफिकेट कसं मिळतं, हे सगळं त्यांच्या पानावर आहे. नाफ्सा किंवा ईएआयई या आंतरराष्ट्रीय शिक्षणातल्या अमेरिकन आणि युरोपीय संघटनांची ट्रेनिंग पाहिलेल्यांना साचा ओळखीचाच वाटेल.

आधी तक्रारी. अर्धा कोर्स अमेरिकन कायद्यांत जातो. 1990 चा क्लेरी ॲक्ट अमेरिकन कॉलेजांना आवारातल्या गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करायला लावतो. नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या आमच्या कॉलेजला तो लागू नाही, पण त्यावरची क्विझ पास झाल्याशिवाय पुढचं मॉड्यूल उघडत नाही. लाइव्ह सत्रं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेबाराला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिस गाठणाऱ्याने कसं बसायचं?

सगळ्यात जास्त संताप आला तो त्यांच्या नियोजनाच्या एक्सेल शीटचा. ती निघायच्या बारा आठवडे आधीपासून सुरू होते आणि व्हिसासाठी त्यात एकच ओळ आहे: ‘लागत असल्यास’. अमेरिकन मुलाला तीन आठवडे जर्मनीत राहायला व्हिसा लागत नाही. आमच्या गोंदियाच्या मुलाची सुरुवात पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनपासून होते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी जून 2024 पासून 90 युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. वडील धानाची शेती करणारे, आयटीआर कधी भरलेला नाही. मग सातबारा काढा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढा, त्यांचं इंग्रजी करून घ्या, अपॉइंटमेंटसाठी मुंबईची गाडी पकडा. यातलं काही त्या शीटमध्ये नाही. सपोर्टला लिहिलं तर एकच ठरावीक उत्तर तीनदा आलं. चौथ्यांदा लिहिल्यावर खऱ्या माणसाने उत्तर दिलं आणि ‘आंतरराष्ट्रीय सहभागींसाठी’ नवी शीट पाठवली. तिच्यात व्हिसाच्या रकान्यांना फक्त मथळे होते. शेवटी मी स्वतः शीट बनवली, ती आठ महिने आधीपासून सुरू होते.

मार्चपर्यंत कोणी विचारलं की मी सरळ सांगायचे, घेऊ नका.

तरीही पैसे दिलेत म्हणून आणीबाणीचं मॉड्यूल पूर्ण केलं, आणि तिथे माझं मत बदलू लागलं. त्यात एक फॉर्म आहे: काही झालं तर कोणाला, कोणत्या क्रमाने कळवायचं. मूळ फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवण्याच्या अमेरिकन कायद्यातलं, 1974 सालचं. मूल 18 वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे येतो, जिवावरचा प्रसंग अपवाद. फॉर्ममध्ये विद्यार्थ्याला विचारलंय, ‘आधी कोणाला सांगावं? नंतर कोणाला? कोणाला आधी सांगू नये?’ पालक सभेत त्यावरून मोठा वाद झाला. एक वडील उभे राहून म्हणाले, ‘पैसे आम्ही भरून राहिलो, अन् आम्हालेच मागून सांगाल?’ त्यांचं बरोबरच होतं. मग आम्ही फॉर्म मराठीत केला आणि पालकांचीही सही ठेवली. फोनवर कोणत्या भाषेत बोलायचं, हा रकाना माझा. हिंदी-इंग्रजीत घाबरून जाणारी माणसं असतात.

जुलैत जर्मनीत एका मुलीच्या पोटात रात्री एक वाजता असह्य दुखायला लागलं. आपल्याकडे पहाटेचे साडेचार. सोबतच्या सरांनी 112 लावला आणि नंतर मला. अपेंडिक्स होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. तिच्या फॉर्मवर पहिलं नाव नागपुरातल्या मानेवाड्याच्या मावशीचं होतं, मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, सिस्टर आहेत त्या. वडिलांचं नाव दुसरं, समोर तिच्या अक्षरात लिहिलेलं: ‘बाबांना बीपी आहे, मावशी सांगेल.’ मावशींनी डॉक्टर काय म्हणाले ते नीट विचारून घेतलं, पहिली बस धरून भंडारा गाठलं आणि घरी बसून वडिलांना सांगितलं. मला वडिलांचा फोन आला तो नऊच्या सुमारास. आवाज कापत होता, पण पहिला प्रश्न होता, ‘मॅडम, पोरगी शुद्धीवर आली का?’ तोवर ती शुद्धीवर आली होती.

याच मॉड्यूलमधली नोंदवहीसुद्धा तेव्हाच कामी आली. पाच रकाने: तिथली वेळ, आपली वेळ, कोणी फोन केला, काय सांगितलं, काय ठरलं. सरावात प्रशिक्षक आधी घाबरलेला बाप होऊन फोन करतो, मग पत्रकार होऊन, आणि तुम्ही बोलता बोलताच वहीत लिहायचं असतं. विम्याच्या माणसाने दुखणं कधी सुरू झालं, दाखल किती वाजता केलं, कंपनीला कधी कळवलं, हे विचारलं तेव्हा वहीचं पान फोटो काढून पाठवलं. कॅशलेस मंजुरी दुपारी आली. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचं कव्हर सगळेच घेतात, पण मंजुरी अडते ती अशा वेळांवरून.

म्हणून आता कोणी विचारलं तर सांगते: कायद्यांची मॉड्यूल आणि ती शीट यांना पैसे देण्यासारखं काही नाही. पण जो शिक्षक प्रत्यक्ष मुलांसोबत विमानात बसतो, त्याने हा फोनचा सराव केल्याशिवाय जाऊ नये. आपल्याकडे कोऑर्डिनेटरला कोर्सला पाठवतात आणि दौऱ्यावर जाणाऱ्या सरांच्या हातात फक्त तिकिटं देतात. जुलैच्या त्या रात्री सरांना वहीबद्दल माहीत होतं ते निघायच्या आधी मी त्यांना तास-दोन तास बसवून सराव करून घेतला होता म्हणून.

पूर्ण रिन्यूअल मी करत नाहीये. फक्त सरावाचं सत्र वेगळं मिळेल का, असं विचारलं. उत्तर दोन दिवसांत आलं: किमान पाच जण असतील तर, आणि वेळ भारतीय सकाळची. नागपूरच्या तीन कॉलेजांतले आम्ही तिघे तयार आहोत, पैसे वाटून घेऊ. अजून दोघे हवेत. वर्धा, अमरावती, चंद्रपूरचं कोणी डिसेंबरच्या दौऱ्याआधी करणार असेल तर कळवा. मराठी फॉर्म आणि आठ महिन्यांची शीट मी तशीच देईन, त्याचे पैसे नकोत.