पाइपवरचा निळा पट्टा आणि दोन तासांचं ट्रेनिंग

गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. "तुमच्या मंगळवार पेठेतल्या साइटचे फोटो बघितले, छत झकास झालंय. माणूस कसा आहे?" मला दरदरून घाम फुटला. ज्यानं मला गंडवलं, तो आता माझ्याच साइटचे फोटो दाखवून पुढचं गिऱ्हाईक धरतोय. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. शेड, जिने, ग्रिल असली कामं. मार्चमध्ये एका जुन्या वाड्याचं काम आलं. कौलं उतरवायची, कुजलेले वासे-रिपा बदलायच्या, परत कौलं चढवायची. म्हणजे अर्धं काम पावसात. मालकांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या, त्या आतच राहणार होत्या. कोल्हापूरचा जुलै बघितलेल्याला ताडपत्रीची लायकी सांगायला नको. म्हणून ठरलं, वाड्यावर छत्रीसारखं दुसरं तात्पुरतं छत उभारायचं. बाजूंनी पाइपचा पहाड म्हणजे परांची, वर कैच्या म्हणजे छताचे त्रिकोणी सांगाडे, त्यावर पत्रा, आणि खाली काम कोरड्यात.

असलं छत मी आधी कधी केलं नव्हतं. ओळखीतून पुण्याच्या एकाचा नंबर मिळाला. त्याचं म्हणे पॅकेजच होतं: ४० बाय ३० फुटांच्या छताचं सगळं मटेरियल, शिवाय माझ्या पाच पोरांना ट्रेनिंग आणि कार्ड. ४ लाख ८० हजार, अर्धे आधी. "तुमच्यासारख्या फॅब्रिकेटरला एकदा शिकवलं की कोल्हापूर-सांगलीत हे करणारे तुम्हीच." खरं सांगतो, मी भुललो तो दरावर नाही, या वाक्यावर.

माल रात्री साडेदहाला आला. दिवसा का नाही, हे विचारायचं सुचलं नाही. पाइप चकचकीत, प्रत्येकावर निळा पट्टा, दोन्ही टोकांना काळ्या प्लास्टिकच्या टोप्या. पहाडाला आपण वापरतो तो दीड इंची पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर असतो. ए, बी, सी क्लास हा फरक जाडीचा: २.९, ३.२ आणि ४ मिलिमीटर. पट्टे पिवळा, निळा, लाल. निळा म्हणजे बी क्लास, सहा मीटरचा एक पाइप साधारण २१ किलो भरायला हवा. मला हे पाठ आहे, वर्कशॉपात जाडी मोजायचा व्हर्निअर आहे, आणि समोरच भंगारवाल्याचा काटा आहे. मी पाइप फक्त नगावर मोजले, तोलले नाहीत. उरलेले पैसे त्याच रात्री ऑनलाइन पाठवले. खातं कुणाच्या नावावर आहे हेही बघितलं नाही.

ट्रेनिंग एका कार्यालयाच्या हॉलमध्ये झालं. प्रोजेक्टरवर परदेशातला व्हिडिओ, मधे वडापाव, शेवटी फोटो. दोन तासांत पोरं "प्रमाणित स्कॅफोल्डर" झाली. कार्डावर क्यूआर कोड आणि खाली "आयएस ३६९६". हा आकडा खरा आहे, म्हणूनच घातक आहे. आयएस ३६९६ हे पहाड आणि शिड्यांच्या सुरक्षेचं भारतीय मानक आहे. त्यात पहाड कसा असावा ते लिहिलंय, ते कुणा माणसाला पास-नापास करत नाही. तिकडं ब्रिटनमध्ये स्कॅफोल्डरचं कार्ड मिळायला दहा-दहा दिवसांचे दोन कोर्स आणि मधे साइटवरचं काम लागतं. आमच्या पोरांनी त्या दोन तासांत पाना हातात धरला नव्हता.

आमच्याकडं एक वयस्कर मिस्त्री आहेत, मांडव घालण्यात हयात गेलेले. त्यांना ट्रेनिंगला नेलं नव्हतं, "वय जास्त आहे" असं तो म्हणाला होता. काम सुरू झालं त्या दिवशीच ते म्हणाले, "दादा, ह्यो पाइप हाय का ऊस? पोरं दोन-दोन खांद्यावर टाकाय लागलीत." मी हसलो. चार कैच्या चढल्या, निम्मा पत्रा बसला, तेव्हा त्यांनी दुसरं विचारलं, "याला खाली धरलंय कशानं?" पोरांनी त्यांना कार्ड दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. सुदैवानं पोरं जेवायला उतरली होती. वाऱ्याचा पहिला झोत पत्र्याखाली शिरला आणि कोपऱ्यातले दोन उभे पाइप जमिनीपासून वीतभर वर उचललेले मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. खाली बसले ते वाकडे होऊन. पाइप जोडणारा एक कपलर तडकला, तुटलेल्या जागी दाणेदार राखाडी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दिसत होतं. स्टीलचं फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेलं, म्हणून विकलेलं.

मग टोप्या काढल्या. पाइपची जाडी २ मिलिमीटर, आत गंजाचे पापुद्रे. काट्यावर पावणेचौदा किलो. थिनरच्या बोळ्यानं पुसल्यावर निळ्याखालून जुना गंज निघाला.

एका इंजिनिअर मित्रानं कागदावर हिशेब मांडला. ताशी ७२ किलोमीटरचा वारा ढोबळमानानं चौरस मीटरला २५ किलो जोर लावतो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो. आमचं पूर्ण छत १११ चौरस मीटर, म्हणजे वर ओढणारा जोर पावणेतीन टन, कोपऱ्यांना आणखी जास्त. अशा छताची खरी लढाई वजन पेलायची नसते, ते खाली धरून ठेवायची असते. त्या ट्रेनिंगमध्ये हा विषयच निघाला नव्हता. पाइपमध्ये तर पैसेच गेले. कार्डानं मात्र पोरांच्या मनातली भीती काढली होती, आणि याबद्दल मी त्या माणसाला माफ करू शकत नाही.

त्याचा फोन बंद. बिलावर पत्ता पुण्याचा, जीएसटी नंबर २९नं सुरू होणारा. २९ म्हणजे कर्नाटक, महाराष्ट्राचा २७. पोर्टलवर नंबर टाकायला अर्धा मिनिट लागतो, तो मी नऊ दिवसांनी टाकला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनलाही तेव्हाच फोन केला. पैसे गेल्या गेल्या केला असता तर खातं गोठवता आलं असतं कदाचित. ठाण्यात आधी "हा व्यवहाराचा वाद आहे" म्हणाले. बिल, पैसे पाठवल्याची पावती आणि काट्याची चिठ्ठी पुढं ठेवल्यावर फसवणुकीचा अर्ज घेतला. पैसे अजून आलेले नाहीत.

कुणी असलं छत घेणार असाल तर माल दिवसा उतरवून घ्या, टोप्या काढून व्हर्निअर लावा, हाताला येतील ते पाच पाइप तोला. पाइप बनवणाऱ्या कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. आणि विकणाऱ्याला विचारा, वारा किती धरलाय आणि खाली किती वजन बांधायचं? आकडा सही करून देत नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

वाड्याचं छत शेवटी नव्या पाइपनं उभं केलं, मित्राच्या ड्रॉइंगवर. बुडाला पाण्यानं भरलेली दोनशे लिटरची सोळा बॅरलं बांधली. गाठी मिस्त्रींनी मारल्या. जुलै निघाला.

पोरांची कार्डं मी काढून घेतली. एक द्यायला तयार होईना, फोटो चांगला आलाय म्हणे. मग कात्रीनं फोटो तेवढा कापून त्याला दिला.