कार्डियामोबाइल ६एल: संधिवाताच्या रुग्णांना कितपत उपयोगी?

र्‍हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा या प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या आजारांत दाह सांध्यांपुरता थांबत नाही, हृदयालाही त्याची झळ लागते. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतं. पंचाईत अशी की धडधड दहा मिनिटांत थांबते आणि दवाखान्यात काढलेला ईसीजी (हृदयाच्या विद्युत-क्रियेचा आलेख) निर्दोष येतो. अलाइव्हकोर कंपनीची, घरीच ईसीजी काढणारी ही बोटभर पट्टी अशा वेळी कामाची.

वर दोन इलेक्ट्रोड, खाली एक. दोन्ही अंगठे वर ठेवायचे, खालची बाजू डाव्या गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या उघड्या कातडीला टेकवायची आणि ३० सेकंद हलायचं नाही, बोलायचं नाही. सहा लीडचा (हृदयाकडे सहा कोनांतून पाहणारा) आलेख ब्लूटूथने फोनवर येतो. सेल सीआर२०१६, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

घोडं अडतं ते हातांपाशी. अंगठे वाकडे झालेले असले की माणूस जोर लावून दाबतो, स्नायू थरथरतात, रेघ खरबरीत येते आणि अॅप ‘अनक्लासिफाइड’ म्हणून मोकळं होतं. कोपरं उशीवर सैल सोडून अंगठे नुसते टेकवावेत. रेनॉडमुळे (बोटांच्या रक्तवाहिन्या आवळण्याच्या त्रासामुळे) बोटं गार, कोरडी पडत असतील तर आधी हात कोमट पाण्यात धरावेत आणि किंचित दमट ठेवावेत. हा सराव बरं वाटत असतानाच करून ठेवावा. धडधड सुरू झाल्यावर कोण शिकणार?

‘नॉर्मल’ या शेऱ्यावर मात्र फार विसंबू नये. ठोके नियमित आणि मिनिटाला ५० ते १०० आहेत, एवढंच तो सांगतो. क्यूटी (प्रत्येक ठोक्यात हृदयाच्या खालच्या कप्प्यांची विद्युत-क्रिया पुरी व्हायला लागणारा वेळ) लांबलाय का, हे नाही. संधिवातावरचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असताना कोणी घशासाठी अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक लिहून दिलं (आणि ते सर्रास दिलं जातं), तर खरी काळजी क्यूटीचीच, कारण दोन्ही औषधं तो लांबवतात. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ५०० मिलीसेकंदांवर गेला तर घातक लय सुरू होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी दवाखान्यातला बारा लीडचा ईसीजीच काढावा. छातीत दुखत असेल तर पट्टी शोधत बसू नये, थेट इस्पितळ गाठावं; हार्ट अटॅक तिला ओळखता येत नाही.

स्क्लेरोडर्मात हृदयाच्या स्नायूत वण पडून जवनिकांतून (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून) जादा ठोके निघतात, तेही बऱ्याचदा नकळत. तिथे २४ तासांचा होल्टरच (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) हवा. धडधड काही सेकंदांचीच असेल तरीही तोच, कारण पट्टी हातात येईपर्यंत ती संपलेली असते.