एम.ए., एम.एस्सी. कोल्हापुरात: विद्यापीठातला अधिविभाग, स्वायत्त कॉलेज की संलग्न कॉलेज?

कोल्हापुरात पदवीनंतर पुढं शिकायचं म्हटलं की तीन दारं समोर असतात. शिवाजी विद्यापीठातला अधिविभाग (म्हणजे विद्यापीठाच्या आवारातला स्वतःचा विभाग), विवेकानंदसारखं स्वायत्त कॉलेज, नाहीतर विद्यापीठाशी संलग्न असलेलं शहरातलं किंवा तालुक्याचं कॉलेज. पदवी तिन्हीकडं शिवाजी विद्यापीठाचीच मिळते. स्वायत्त कॉलेजच्या प्रमाणपत्रावर कॉलेजचंही नाव येतं, एवढाच फरक. त्यामुळं 'युनिव्हर्सिटीची डिग्री भारी, कॉलेजची हलकी' हा हिशेब आधी सोडून द्या. खरा फरक आहे तो वर्गावर कोण येतं, पेपर कोण काढतं आणि पाचनंतर काय उघडं राहतं यात.

नॅकची श्रेणी वाचताना

शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅककडून, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून, ३.५२ गुणांसह 'ए++' मिळाली. बऱ्याच कॉलेजांच्या गेटवरही 'ए' किंवा 'ए+' रंगवलेलं दिसतं. या पाट्या एकमेकींशेजारी ठेवून तुलना करू नका, कारण मोजपट्टीच वेगळी आहे. या श्रेणी ज्या पद्धतीनं दिल्या गेल्या, तिच्यात एकूण १००० गुण असत. त्यात अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन या निकषाला विद्यापीठासाठी २००, स्वायत्त कॉलेजसाठी ३०० आणि संलग्न कॉलेजसाठी ३५० गुण होते. संशोधनाला विद्यापीठासाठी २५०, स्वायत्तला १५० आणि संलग्नला जेमतेम ११०-१२०. म्हणजे विद्यापीठाच्या श्रेणीत संशोधन जड, कॉलेजच्या श्रेणीत शिकवणं जड. पायाभूत सुविधांना मात्र सगळीकडं १००च. इमारत बघून प्रवेश घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

श्रेणीपेक्षा उपयोगाचा कागद म्हणजे कॉलेजच्या संकेतस्थळावरचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, ज्याला 'एक्यूएआर' म्हणतात. त्यातला दुसरा निकष उघडा: पूर्णवेळ शिक्षक किती, मंजूर पदं किती, विद्यार्थी किती, हे तिथं लिहिलेलं असतं. अहवालच सापडत नसेल किंवा तीन वर्षांपूर्वीचा असेल, तर ती संस्था स्वतःकडं किती लक्ष देते हे तिथंच कळलं.

तास कोण घेतं?

रिक्त पदं हे दुखणं तिन्हीकडं आहे. अनुदानित कॉलेजातही पदव्युत्तर तुकडी अनेकदा विनाअनुदानित असते आणि तिथले तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. हे शिक्षक कमी शिकवतात असं मुळीच नाही. कित्येक सेट-नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास, पीएच.डी. असतात आणि मन लावून शिकवतात. अडचण वेगळीच आहे. नेमणूक दरवर्षी नव्यानं होते आणि ऑर्डर उशिरा निघते, त्यामुळं पहिल्या सत्राचे सुरुवातीचे आठवडे कोरडे जातात. त्यातच मधेच कुणाला दुसरीकडं पद मिळालं, की विषय अर्ध्यावर हात बदलतो. अधिविभागातही कंत्राटी शिक्षक असतात, पण तिथं पीएच.डी.चे विद्यार्थी आणि ज्येष्ठ प्राध्यापक एकाच मजल्यावर सापडतात. शंका विचारायला माणूस मिळतो, हा अधिविभागाचा खरा फायदा.

तपासणी सोपी आहे. मागच्या सत्राचं वेळापत्रक मागा आणि मोजा. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास लागतात. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला चार. आता तास ४८ मिनिटांचा असेल तर ६० तासांचे घड्याळी ४८च होतात. आणि वेळापत्रकात त्या पेपरला आठवड्यात तीनच घरं दिसली तर ३६. त्यातून गणपती, दसरा, दिवाळी आणि उशिरा चाललेले प्रवेश वजा करा. पहिल्या सत्रात पूर्ण १५ आठवडे मिळाले तर नशीबच म्हणायचं. त्यामुळं ज्या विभागात दुसऱ्या सत्रात जादा तास घेऊन भरपाई होते, तो विभाग चांगला समजायचा. हे प्राचार्यांना विचारू नका, भाग २ च्या मुलांना विचारा.

शिकवण्यात सुधारणा होते की नाही, याचीही एक खूण आहे. विद्यार्थ्यांचा फीडबॅक सगळीकडं भरून घेतात, कारण नॅकला तो लागतो. त्यावर पुढं काय केलं, म्हणजे कृती अहवाल, मागा. 'ग्रंथालयाची वेळ वाढवली', 'अमुक पेपरला उपचारात्मक तास घेतले' अशा नेमक्या नोंदी असतील तर फीडबॅक खरा. 'विद्यार्थी समाधानी आहेत' एवढंच असेल तर पाई चार्ट कितीही रंगीत असोत, त्यांना अर्थ नाही.

पेपर आणि निकाल

संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा आणि सत्राचा पेपरही विद्यापीठाचाच. शिकवणारा आणि पेपर काढणारा सहसा वेगळा, म्हणून गाइड आणि जुने पेपर यांवर भर वाढतो. अधिविभागात शिकवणारे प्राध्यापकच बरेचदा अभ्यास मंडळावर असतात. अभ्यासक्रम बदलला की त्याची झुळूक तिथं आधी लागते. स्वायत्त कॉलेजचं अभ्यास मंडळ स्वतःचं, परीक्षा विभाग स्वतःचा. चांगल्या हातात हे फार उपयोगी पडतं: नवा इलेक्टिव्ह वर्षभरात सुरू होऊ शकतो, मूल्यमापनात प्रकल्प आणि सेमिनारला वजन देता येतं. सैल हातात याच गोष्टीचा तोटा होतो, पेपर इतके सोपे निघतात की ८५ टक्के मिळवलेला मुलगा सेट-नेटला आपटतो. म्हणून स्वायत्त कॉलेज निवडताना दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि विद्यापीठाच्या त्याच विषयाच्या प्रश्नपत्रिकांशेजारी ठेवून वाचा. अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

निकालाबद्दल: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणं परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. स्वायत्त कॉलेजला उत्तरपत्रिका कमी, म्हणून निकाल लवकर लागणं सोपं. बी.एड., पीएच.डी. प्रवेश किंवा नोकरीची मुलाखत डोळ्यासमोर असेल तर हा मुद्दा छोटा नाही.

ग्रंथालय आणि प्रयोगशाळा

इथं विद्यापीठाची आघाडी मोठी आहे, आणि विज्ञान शाखेत तर निर्णायक. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र हे तीन जिल्ह्यांतलं संशोधकाचं ग्रंथालय. शिवाय 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. खासगी संस्थांच्या कॉलेजांचा आधार बहुतेक करून इन्फ्लिबनेटच्या 'एन-लिस्ट' या ऑनलाइन वाचन सुविधेचा: ६,००० च्या वर नियतकालिकं आणि ई-पुस्तकं. एम.ए.च्या प्रबंधिकेला एन-लिस्ट पुरतं. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला कधी कधी कमी पडतं. कॉलेजनं एन-लिस्ट घेतलंय, पण विद्यार्थ्यांना पासवर्डच वाटलेले नाहीत, हा प्रकार सर्रास दिसतो. प्रवेशाआधी ग्रंथपालांना थेट विचारा: भाग १ च्या मुलांचे लॉगिन कधी तयार होतात?

प्रयोगशाळेचंही तसंच. विद्यापीठात 'सैफ-सीएफसी' ही सामाईक उपकरण सुविधा आहे. भौतिकशास्त्रातल्या थिन फिल्मसारख्या विषयांत विद्यापीठाचं काम देशभर ठाऊक आहे. कॉलेजचा विद्यार्थीही नमुना देऊन, शुल्क भरून तपासणी करून घेऊ शकतो, पण रांग असते. कॉलेजात असाल तर प्रकल्पाचे नमुने सत्र संपायच्या महिनाभर आधी जमा होतील असं बघा. शेवटच्या पंधरवड्यात सगळ्यांचेच नमुने येतात. उलट साध्या प्रात्यक्षिकांत कॉलेज वरचढ ठरू शकतं. बारा मुलांच्या बॅचला चार कॅलरीमीटर असतील, तर तीस मुलांच्या बॅचमधल्या भारी उपकरणाकडं लांबून बघण्यापेक्षा ते बरं. बॅच किती मुलांची, हा प्रश्न उपकरणांच्या यादीपेक्षा महत्त्वाचा.

एम.ए. इतिहास किंवा मराठीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: कोल्हापूर पुरालेखागार आणि १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर शहरात आहेत. शहरातल्या कॉलेजात असाल तर ती जवळ पडतात.

ओजेटी: १२० तास कुठं भरणार?

नव्या रचनेत पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी संशोधन पद्धती ४ क्रेडिट आणि ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट ४ क्रेडिट आहे. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. ओजेटीचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. इथं कोल्हापूरचा माणूस नशीबवान आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसी आहेत, फाउंड्र्या आहेत, दूध संघ आहे, साखर कारखाने आहेत. पण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जायचं असेल तर गाळप हंगाम बघावा लागतो. ओजेटी दुसऱ्या सत्रात आहे म्हणून एप्रिल-मेमध्ये पत्र घेऊन गेलात, तर बहुतेक कारखान्यांचा हंगाम संपलेला असतो आणि प्रयोगशाळेत रसाचा नमुनाच नसतो. पत्र डिसेंबरात द्यायचं, जानेवारी-फेब्रुवारीत तास भरायचे. ज्या विभागाकडं आधीच कारखान्यांशी लेखी करार आहेत, तिथं हे आपोआप होतं. नाहीतर तुम्हालाच दारोदार फिरावं लागतं. करारांची यादी मागा आणि त्यातल्या किती ठिकाणी गेल्या वर्षी मुलं खरंच गेली, तेही विचारा.

शिष्यवृत्ती, राहणं, येणं-जाणं

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज अडतो तो बहुतेक तीन जागी. बँक खातं आधारशी जोडलेलं दिसतं, पण पैसे यायला लागणारं एनपीसीआय मॅपिंग (सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे ती नोंद) दुसऱ्याच खात्यावर असतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो. आणि अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर पडून राहतो. तिसरी अडचण संस्थेच्या हातातली. लहान कॉलेजात एकच क्लार्क प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती सांभाळतो, पण तो तुम्हाला नावानं ओळखतो. विद्यापीठात स्वतंत्र विभाग असतो, पण अर्जाची वाट लांब. कुठंही असा, 'अर्ज संस्थेनं पुढं पाठवला' ही स्थिती स्क्रीनवर दिसेपर्यंत पाठ सोडू नका.

वसतिगृहाला विद्यापीठात जागा आहेत, पण मागणी जास्त, आणि जवळ राहणाऱ्याचा नंबर मागं पडतो. 'कमवा व शिका' योजना गरजू मुलांना मोठा आधार आहे. जागा मोजक्या, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच चौकशी करावी. शहरात शाहू महाराजांच्या काळातली, १९०१ पासून सुरू झालेली बोर्डिंगं आहेत. खासगी खोलीपेक्षा तिथं राहणं स्वस्त पडतं, पण प्रत्येकाचे नियम आणि वेळा वेगळ्या. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी स्वाधार योजनेचा अर्ज करावा. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख.

गावाकडून ये-जा करणार असाल तर विद्यापीठ मध्यवर्ती बसस्थानकापासून चार-पाच किलोमीटर, म्हणजे एसटी उतरून पुन्हा केएमटी, म्हणजे शहर बस. एसटीच्या विद्यार्थी पासात एक तृतीयांश भाडं भरावं लागतं, केएमटीचा पास वेगळा. आणि पावसाळा विसरू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. शिरोळ, हातकणंगले, पन्हाळा भागातल्या मुलांनी पुराच्या दिवसांतली हजेरी कशी धरतात, ते आधी विचारून ठेवावं. ७५ टक्क्यांचा नियम पाण्याला माहीत नसतो, विभागप्रमुखाला असायला हवा.

मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी एकदा संध्याकाळी साडेसहाला जागा बघून यावी, सकाळी नव्हे. विद्यापीठाचा परिसर ८५३ एकरांचा आहे. ग्रंथालयापासून वसतिगृह किंवा गेट चालत किती, दिवे कुठं आहेत, शेवटची बस कधी, हे तेव्हाच कळतं. कॉलेज त्या वेळी बहुधा बंद झालेलं असतं. हा त्याचा तोटा, आणि घरच्यांच्या मते कधी कधी फायदाही.

तक्रारीसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर लोकपालाकडं अपील. रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६.

मग कुणी कुठं?

पुढं पीएच.डी. किंवा संशोधनातली नोकरी हवी असेल आणि विषय प्रयोगशाळेचा असेल, तर अधिविभाग, प्रवेश परीक्षेची तयारी करून. स्पर्धा परीक्षेच्या जोडीला एम.ए. हवं असेल, तर घराजवळचं संलग्न कॉलेज पुरेसं आहे. वाचलेले रोजचे तीन तास जास्त मोलाचे. अभ्यासक्रमात उद्योगाशी जोडलेलं काही हवं असेल, तर स्वायत्त, पण वर सांगितलेली प्रश्नपत्रिकांची परीक्षा घेऊनच. आणि नोकरी करत शिकणाऱ्यानं हजेरीच्या कोर्सला अडकण्यापेक्षा विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र बघावं.

दोन ठिकाणी नाव लागलं आणि एक सोडावं लागलं, तर यूजीसीच्या २०१८ च्या परताव्याच्या नियमात प्रवेशाच्या अंतिम तारखेशी टक्के बांधलेले आहेत. १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केलं तर १०० टक्के (त्यातून प्रक्रिया शुल्क कापता येतं, तेही ५ टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९०, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, ३० दिवसांत ५०, त्यापुढं शून्य. यूजीसी काही वर्षी जास्त सवलत जाहीर करते, ते परिपत्रक बघून घ्या. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. रद्द करण्याचा अर्ज तोंडी सांगून येऊ नका. आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली प्रत जवळ ठेवा, कारण दिवस मोजले जातात ते त्या शिक्क्यावरच्या तारखेवरून.