.३५७ मॅग्नम घरी भरताना: एच-११० की २४००?

अमेरिकेत राहून घरी काडतुसं भरणारे मराठी लोक थोडे आहेत. पण जे आहेत त्यांच्याकडून हा प्रश्न हमखास येतो: .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या जोरदार काडतुसासाठी दारू, म्हणजे बंदुकीची पावडर, कोणती घ्यावी, एच-११० की २४००, आणि नळी लवकर खराब होईल का? भरायचं साहित्य (प्रेस, डाय, काटा) तुमच्याकडे आहे आणि चार्जचे, म्हणजे एका काडतुसात किती दारू घालायची त्याचे, आकडे तुम्ही पावडर कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घेता, असं धरून लिहितो. इथे असा एकही आकडा देणार नाही. भारतातल्या वाचकांसाठी एवढंच, की तिथे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

आधी झिजेबद्दल. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्या फार सावकाश झिजतात. खरा मार बसतो फोर्सिंग कोनला, म्हणजे सिलिंडरमधून सुटलेली गोळी नळीत शिरते त्या तोंडाला, आणि त्याच्या वरच्या टॉप स्ट्रॅपला, म्हणजे सिलिंडरवरून जाणाऱ्या चौकटीच्या पट्टीला. सिलिंडर आणि नळी यांच्यात साधारण ०.००४ ते ०.००८ इंचांची फट असते. प्रत्येक बाराला त्या फटीतून तापलेला वायू आणि जळते कण बाहेर फेकले जातात. टॉप स्ट्रॅपवर पडणाऱ्या बारीक चरीला घाबरू नका. बहुतेकांचा अनुभव असा, की ती थोडी खोल जाते आणि मग थांबते. फोर्सिंग कोनचं तसं नाही. तो आधी खरखरीत होतो, मग त्यावर बारीक भेगांचं जाळं दिसू लागतं, आणि नशीब वाईट असेल तर तो तडकतो.

आता दोन्ही पावडरी. एच-११० आणि विंचेस्टर २९६ हे एकाच पावडरीचे दोन डबे आहेत, त्यामुळे ती तुलना बाजूला ठेवा. ही बारीक गोल दाण्यांची (बॉल पावडर), मंद जळणारी दारू. दारू मापून टाकणाऱ्या मेझरमधून पाण्यासारखी ओघळते, चार्ज सारखा पडतो, आणि काडतुसाचं नळकांडं (केस) जवळजवळ भरत असल्याने चुकून दुप्पट पडली तर लगेच ओसंडते. लांब नळीतून मिळणारा वेगही तिचाच जास्त. दारू पेटवणारा जोरदार मॅग्नम प्रायमर आणि घट्ट क्रिम्प (केसचं तोंड गोळीवर आवळणं) मात्र तिला हवाच.

२४०० त्याहून थोडी जलद. ती १९३० च्या दशकापासूनची, मॅग्नम काडतुसांच्या जन्मापासून त्यांच्यासोबत आहे. साध्या प्रायमरवर चालते. तिची कटकट म्हणजे न जळलेले पिवळसर दाणे. कमी चार्जवर ते जास्त उरतात आणि रिकाम्या केसेस बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली शिरले की सिलिंडर जड फिरतो. उपाय सोपा आहे: रिकाम्या केसेस काढताना नळी आभाळाकडे करा आणि रॉड जोरात दाबा, म्हणजे दाणे खाली पडतात. एक जुना टूथब्रश जवळ ठेवला की झालं.

माझा कल कशाने ठरला ते सांगतो. एच-११० ला खाली उतरायला जागाच नाही. दिलेल्या चार्जपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका, असं बनवणारेच सांगतात. कमी केली तर ती नीट पेटत नाही, गोळी नळीत अडकू शकते, आणि अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणजे एच-११० भरली की प्रत्येक बार जवळजवळ पूर्ण ताकदीचा. शनिवारी सकाळी रेंजवर नुसता सराव करायचा असला तरी तीच आग, तोच दणका, फोर्सिंग कोनवर तीच झळ. मी माझ्या के-फ्रेमचा, म्हणजे स्मिथ अँड वेसनच्या मध्यम चौकटीच्या रिव्हॉल्व्हरचा, कोन साफ करताना नेहमी नखाने चाचपून बघतो. बॉल पावडरच्या दिवसांनंतर तो नखाला लागतो, शिशाच्या गोळ्यांचा थर तिथेच जास्त धरतो आणि काढायलाही वेळ लागतो. २४०० चा मधला चार्ज वापरायला लागल्यापासून हे काम बरंच हलकं झालंय. हे मोजमाप नव्हे, माझ्या नखाची साक्ष आहे. तुमच्या रिव्हॉल्व्हरची वेगळी असू शकेल.

के-फ्रेमचं नाव मुद्दाम घेतलं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ हे १९५५ चं. बॉर्डर पेट्रोलचे बिल जॉर्डन यांनी त्याचा आग्रह धरला, तो रोज कमरेला बाळगायचं हलकं मॅग्नम म्हणून. सराव कमी ताकदीच्या .३८ स्पेशल काडतुसांवर करावा आणि कामाला मॅग्नम भरावं, अशी त्यामागची कल्पना. या चौकटीत नळीचं मागचं तोंड खालून सपाट कापलेलं असतं, म्हणून तिथे पोलाद पातळ. पुढे पोलिसांचा सरावही १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जोरदार काडतुसांवर होऊ लागला आणि त्याच पातळ जागी तडे जाऊ लागले. १९८० च्या सुमारास आलेली जाड एल-फ्रेम हे त्यावरचं उत्तर होतं.

म्हणून मला वाटतं, तुमच्याकडे एल-फ्रेम किंवा त्याहून जड रिव्हॉल्व्हर असेल, नळी सहा इंचांची असेल आणि हरणाच्या शिकारीसाठी मोजकीच काडतुसं भरायची असतील, तर एच-११० घ्या. त्या कामात तिला तोड नाही. पण एकाच रिव्हॉल्व्हरने वर्षभर सराव करायचा असेल, आणि ते जुनं के-फ्रेम असेल तर नक्कीच, मी २४०० चा डबा घेईन आणि १५८ ग्रेनच्या शिशाच्या गोळीवर मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जपाशीच राहीन. जॅकेटवाल्या १२५ ग्रेनच्या गोळ्या पूर्ण ताकदीने के-फ्रेममध्ये मी घालत नाही, मग डब्यावर नाव कोणतंही असो.