गर्ल गाईड्स / गर्ल स्काऊट्स रिव्ह्यू : मुलीला घालावं का? (५ पैकी ४)

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. मुलगी सात-आठ वर्षांची झाली असेल आणि जवळपास नीट चालणारं पथक असेल तर बिनधास्त घाला. एक स्टार का कापला ते खाली येतंय.

गर्ल गाईड्स म्हणजे मुलींची स्काऊटसारखी संघटना, अमेरिकेत तिलाच गर्ल स्काऊट्स म्हणतात. गाईड म्हटलं की काही जणांना अजून स्कार्फ, शिट्टी, परेड आणि दोरीच्या गाठी एवढंच आठवतं. आणि काही जण सांगतात की आता ते जुनं काही राहिलं नाही, आता कोडिंग नि रोबोट. मला दोन्ही अर्धवट वाटतं.

सुरुवातच बघा ना. १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी मुलांचा मेळावा भरवला, तिथे मुली स्वतःच स्काऊटचा वेश करून हजर, म्हणे आम्ही पण स्काऊट! मग पुढच्या वर्षी बहीण अ‍ॅग्नेस यांना पुढे करून मुलींची वेगळी संघटना काढावी लागली. म्हणजे कोणी मोठ्या मनाने दिलं वगैरे नाही, पोरींनी घुसून मिळवलं. अर्थात तेव्हाची भाषा आज वाचवत नाही, १९१२ च्या त्यांच्या हँडबुकच्या नावातच होतं की साम्राज्य उभारायला मुली कशी मदत करू शकतील. पण त्याच मुलींना पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या गुप्तचर खात्याने, एमआय फाइव्हने, निरोप पोचवायच्या कामावर ठेवलं, कारण आधी ठेवलेले मुलगे दंगा करायचे आणि बडबड करायचे. हसू नका, खरं आहे.

आता बॅज, म्हणजे एखादं कौशल्य शिकलं की युनिफॉर्मवर लावायला मिळणारं चिन्ह. संघटना बदलली म्हणणारे सगळ्यात आधी हेच दाखवतात, अमेरिकेत २०१७ ला सायबर सिक्युरिटीचे बॅज जाहीर झाले, ब्रिटनमध्ये २०१८ ला अख्खा अभ्यासक्रमच नवीन केला आणि त्यात अ‍ॅप डिझाईन, व्लॉगिंग (व्हिडिओतून डायरी) असले बॅज आले. छान आहे, पण अमेरिकेतली १९१३ ची यादी काढून बघा, त्यात कपडे धुणं, स्वयंपाक, घरकाम तर आहेच पण त्याच यादीत इलेक्ट्रिशियन आणि विमानाचा बॅज पण आहे, आणि हे कधी, तर जेव्हा तिथल्या बायकांना देशभर मताचा हक्कसुद्धा नव्हता! त्यामुळे आधी चूल-मूल आणि मग एकदम सायन्स अशी सरळ रेघ नाहीये ही, दोन्ही पहिल्यापासून शेजारी शेजारी होतं, फक्त कधी एकाचं पारडं जड कधी दुसऱ्याचं.

माझ्या मते खरा बदल सभासद होताना घ्यायच्या शपथेत झाला. २०१३ ला ब्रिटनच्या गाईड्सनी शपथेतून देवाचं नाव काढलं आणि त्याजागी स्वतःशी प्रामाणिक राहीन, माझ्या श्रद्धा घडवीन अशा अर्थाचं वाक्य घातलं. बराच वाद झाला, पण त्यामुळे देव न मानणाऱ्या घरातल्या मुलीला उगीच खोटं बोलावं लागत नाही, मला तर पटलं. युनिफॉर्मचं म्हणाल तर तिकडे १९९० ला एका फॅशन डिझायनरकडून नवीन करून घेतला, पँट आली, विषय संपला.

अमेरिकेत मुली पैसे उभे करायला कुकीज विकतात, त्याबद्दल थोडं कडू बोलते. १९१७ ला तिथल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका पथकाने घरी कुकीज भाजून शाळेच्या कॅन्टीनमध्ये विकल्या, खर्चाला पैसे हवे होते म्हणून, इतकं साधं. पुढे बेकऱ्या आल्या आणि २०१४ पासून ऑनलाईन विक्री पण आली. मुली हिशोब शिकतात, अनोळखी माणसाशी बोलायला शिकतात, मान्य. पण बऱ्याचदा आईबाबाच ऑफिसात डबे खपवत फिरतात आणि बक्षीस पोरीला, मग त्यातून ती शिकली काय?

स्टार कापला त्याचं मुख्य कारण मात्र वेगळंय. सगळा गाडा फुकट वेळ देणाऱ्या बायकांवर चालतो, त्यामुळे एक पथक अफलातून आणि दुसऱ्यात नुसतं रंगकाम, नशिबाचा खेळ आहे. शिवाय बाहेर पडणंही आकसतंय की काय असं वाटतं, २०२३ ला ब्रिटनच्या संघटनेने आपली पाचही ट्रेनिंग आणि अ‍ॅक्टिव्हिटी सेंटर विकायचं ठरवलं. पैशाची अडचण समजू शकते हो, पण तंबू ठोकायला जागाच नसेल तर नुसत्या अ‍ॅपच्या बॅजचं काय करायचं? जागतिक संघटनेची केंद्रं आहेत म्हणा, स्वित्झर्लंड, मेक्सिको, लंडन आणि आपल्या पुण्याचं संगम, ते १९६६ चं आहे, पण तिथे किती जणी पोचणार.

आणि हो, अमेरिकेत मुलांच्या स्काऊटने मुलींना घ्यायला सुरुवात केल्यावर फक्त मुलींची संघटना आता कशाला हवी असं लोक विचारतात. मला हवी वाटते. सहा-आठ जणींचा गट, त्यांची त्यांनी निवडलेली लीडर, कॅम्पला काय शिजवायचं आणि भांडी कोणी घासायची हे त्यांचं त्यांनी भांडून ठरवायचं, ही पद्धत शंभर वर्षांत फारशी हलली नाही आणि तेच या सगळ्यातलं सगळ्यात भारी आहे, बॅज गेले उडत. मुलगे असले की मुली मागे पडतातच असं नाही म्हणत मी, पण इथे शेकोटी पेटवायला दुसरं कोणी नसतंच ना, पेटवावीच लागते.

नाव घालायच्या आधी एक मीटिंग कोपऱ्यात बसून बघा. बोलतंय कोण एवढंच बघायचं. तासभर पथक चालवणाऱ्या ताईच सूचना देत असतील आणि मुली रांगेत गप्प बसल्या असतील तर दुसरं पथक शोधा, थोडं लांब पडलं तरी चालेल. गोंधळ चालू असेल, दोघी हुज्जत घालत असतील आणि ताई लांब उभी राहून बघत असेल तर फॉर्म भरून टाका.