जुन्या रुपयाची किंमत: छापील कॅटलॉग की लिलावाचे निकाल?

घरातला १८६२ सालचा व्हिक्टोरियाचा रुपया विकू पाहणाऱ्या एका स्नेह्यांना क्राउझच्या कॅटलॉगात (जगभरच्या नाण्यांच्या, किमतींसह छापलेल्या सूचीत) एक किंमत दिसते, तर लिलावांच्या निकालांत दुसरीच.

नाणे ओळखण्यासाठी कॅटलॉगच सरस आहे. १८६२ हेच साल घालून हे रुपये १८७४पर्यंत पाडले जात होते आणि ठिपक्यांच्या संख्येवरून त्यांचे प्रकार ठरतात; ही वर्गवारी लिलावाच्या छायाचित्रांतून जुळवणे नवख्याला जड जाते.

किमतीच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. कॅटलॉगातले आकडे दर्जानुसार, म्हणजे नाणे किती झिजले आहे त्यानुसार, डॉलरमध्ये दिलेले अंदाज असतात आणि छपाईनंतर ते तिथेच गोठतात. या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असल्याने, चांदी महागली की जुन्या आवृत्तीतली किंमत धातूच्या मोलाहूनही कमी ठरू शकते. लिलावाचा निकाल म्हणजे कोणीतरी खरोखर कबूल केलेली रक्कम, पण दोन हट्टी संग्राहक भिडले असतील तर तीही फसवी असते; शिवाय निकालाच्या आकड्यात खरेदीदाराचे अधिमूल्य (बोलीवर लिलावगृहाला द्यावी लागणारी जादा रक्कम) धरले आहे का, हे पाहावे लागते आणि विकणाऱ्याच्या हाती कमिशन वजा होऊनच पैसे पडतात. चिंच लावून चकचकीत केलेल्या रुपयाचा मूळ पृष्ठभाग बिघडलेला असल्याने त्याला यांतला कोणताच भाव लागू नाही.

संग्रहाची नोंद करायची असेल, तर कॅटलॉगची जुनी आवृत्तीही पुरते. विकायचे असेल, तर त्याच प्रकाराच्या आणि दर्जाच्या नाण्यांचे अलीकडचे चार-पाच निकाल ताडून पाहावेत.